दोन दात येईपर्यंत

आषाढ लागला की चिक्कडपल्लीतल्या आमच्या अपार्टमेंटखाली वॉचमनची शेळी ओरडायला लागते. शेपटी सारखी हलवत, तोंडात धरलेला पाला चावायचा विसरून, गेटकडे मान करून ती दिवसभर बोंब मारते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून वॉचमनवर खेकसतात, आणि माझा नातू मला विचारतो, "आजी, उसको दर्द हो रहा क्या?" त्याला मराठी समजतं, पण बोलायची लाज वाटते. मी म्हटलं, दर्द नाही रे, बोकड मागतेय. पोरगा कानापर्यंत लाल झाला आणि मोबाईल घेऊन आत पळाला. सतरा वर्षांचा आहे. त्या वयात माझ्या कडेवर मूल होतं. मला हसू आलं, आणि मग ते ओरडणं ऐकता ऐकता हसू कुठल्या कुठे गेलं.

न व्यालेल्या तरुण शेळीला पाठ म्हणतात. आमच्या गौलीगुड्याच्या घरी तेव्हा अशीच एक पाठ होती, काळी, कानांवर पांढरे शिंतोडे उडाल्यासारखी. ती केव्हा तयार होणार, तिला बोकड केव्हा दाखवायचा, या एकाच प्रश्नाभोवती आमच्या घरातली माणसं चैत्रापासून फिरत होती. बाहेर राज्य बदलायला निघालं होतं. पण बाईमाणसाला राज्य दिसतं ते चुलीपाशी, आणि आमच्या चुलीपाशी त्या वर्षी दूध नव्हतं.

देश स्वतंत्र होऊन पहिलं वर्ष सरत होतं आणि आमचं हैदराबाद त्यात नव्हतं. निजामाचं राज्य होतं, गल्लीच्या तोंडाशी रझाकारांची कवायत होती, आणि सरहद्दीवर हिंदुस्थान सरकारची नाकेबंदी. आम्हाला दाबणारे आणि आम्हाला सोडवणारे, दोघांनी मिळून आमच्या डब्यांत हात घातला होता. मीठ गेलं, रॉकेल गेलं, औषधं गेली. खेड्यांतून दूध घालायला येणारे गवळी भीतीने गुरं घेऊन कुठे कुठे पांगले. सिकंदराबादच्या दुकानातले दुधाच्या भुकटीचे विलायती डबे संपले ते संपलेच. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, हैदराबादला स्वातंत्र्य आणायला सोलापूरकडच्या कॅम्पात जाऊन बसले होते. स्वातंत्र्य आणायला घरातला तरणाताठा माणूस होता. दूध आणायला कुणी नव्हतं.

दूध हवं होतं माझ्या मधूला. मधू माझा पहिला मुलगा. फाल्गुनात मला मुदतीचा ताप आला, आणि तो उतरला तेव्हा माझ्या अंगावरचं दूध पार आटून गेलं होतं. पोर छातीशी झटायचं, मग चिडून मला नखांनी ओरबाडायचं. त्या इवल्या नखांचे ओरखडे मी आंघोळीच्या वेळी बघत बसायची आणि मला त्याचा राग यायचा. आईला पोराचा राग येतो. आईवरच्या लेखांत हे लिहीत नाहीत, एवढंच.

घराचा कारभार सासऱ्यांचा. मी त्यांना मामंजी म्हणायची. निजामाच्या अदालतीत ते पेशकार होते, न्यायाधीशापुढे कागद मांडायचे, आणि निवृत्त झाले तरी अदालत त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. घरातलं कोणतंही भांडण त्यांच्यापुढे गेलं की ते दोन्ही बाजू ऐकून घेत आणि पुढली पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, देत. त्यांच्या दम्यावर वैद्याने शेळीचं दूध सांगितलं होतं म्हणून आमच्या परसात शेळी आली होती. ती संक्रांतीच्या सुमाराला मेली आणि मागे ही पाठ राहिली. सासूबाईंना आम्ही माई म्हणायचो. माई कमी बोलायच्या, आणि बोलल्या की ते काम झालेलं असायचं.

चैत्रात पाठ पहिल्यांदा माजावर आली. चुलीवर पाणी ठेवलं होतं, मधू रडत होता, आणि परसातून ते ओरडणं आलं. माई बाहेर गेल्या, तिची शेपटी वर करून बघितलं, मग तिला सरळ उचलून कडेवर घेतलं. पाठीची परीक्षा करायची माईंची रीत हीच. कडेवर घेऊन विहिरीला फेरी मारायची, दम लागला तर पाठ भरली, नाही लागला तर अजून पोकळ आहे. त्या फेरी मारून आल्या तेव्हा त्यांना दम लागला नव्हता. तरी त्या मामंजींपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"पाठ माजावर आली आहे. यादय्याच्या बोकडाकडं न्यावी म्हणते."

यादय्या म्हणजे मुसी नदीच्या काठावर झोपडं घालून राहणारा एक धनगर. त्याचा बोकड सगळ्या गौलीगुड्याला पुरायचा.

मामंजींनी हात धुतले, चष्मा लावला, पाठीचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला. शेळीला समोरचे दात फक्त खालीच असतात, लहानपणी तांदळाच्या कण्यांसारखे बारीक. वर्ष उलटून गेलं की त्यांतले मधले दोन पडतात आणि त्या जागी रुंद, पक्के दोन दात येतात. ते आले म्हणजे आतली हाडंही पक्की झाली, असं धरायचं.

"दुधाचे दात आहेत," मामंजी म्हणाले. "पुढली पेशी दोन दात आल्यावर."

"लेकरू दुधावाचून वाळायलंय. आज दाखवली तरी भाद्रपदात व्याणार ती. पाच महिने तसेही जाणारच आहेत."

"आमच्या परभणीच्या घरी दोन दात आल्याबिगर पाठीला बोकड दाखवलेला नाही. हा जाब्ता आहे, कायदा. कच्ची पाठ फळली की ती पण जाते अन् करडू पण जातं. मग दूध कुणाचं काढायलीस?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हे मला आजही मान्य करावं लागतं आणि आजही अंगाचा तिळपापड होतो. हाच माणूस मला बघायला आला होता तेव्हा त्याने मला चालून दाखवायला लावलं, पोथीतलं एक पान वाचून घेतलं, आणि चहा संपायच्या आत होकार दिला. माझ्या अक्कलदाढा तेव्हा यायच्या होत्या. पण सुनेला जाब्ता नसतो, शेळीला असतो.

मग उन्हाळा. त्या उन्हाळ्याला वास होता, लिंबाच्या मोहराचा, लेंड्यांचा, आणि करपलेल्या पेजेचा. मधूला आम्ही भाताची पेज द्यायचो, कुठून नाचणी मिळाली तर तिचं सत्त्व. शेजारच्या एका घरी म्हातारी गाय होती, तिचं ओंजळभर दूध कधी मिळायचं, त्यात मी पाणी घालायची, कधी पाण्यातच दूध घालायची. मधूच्या मांड्यांवर वळ्या होत्या. त्या एकेक करून उलगडल्या आणि मग नुसती सैल कातडी राहिली. आंघोळ घालताना ती माझ्या चिमटीत यायची. माई त्याला मांडीवर घेऊन तेल चोळायच्या आणि त्याच हाताने नंतर पाठीला पाला घालायच्या.

पाला मीही घालायची. चिंचेचा, बाभळीच्या शेंगा मिळाल्या तर शेंगा, भाज्यांची देठं. लोकांना वाटतं जनावराला खाऊ घालणं म्हणजे माया. माझ्या हातात माया नव्हती. वाढ, लवकर वाढ, म्हणून मी तिच्या तोंडात कोंबायची. आणि तीही हट्टाने बारीकच राहायची, कारण भाजीच घरात येत नव्हती तर देठं कुठून येणार. वीसएक दिवस गेले की ती पुन्हा माजावर यायची, पुन्हा शेपटी, पुन्हा ओरडणं, पुन्हा मामंजींचा चष्मा. वैशाखात पुढली पेशी. ज्येष्ठात पुढली पेशी. आत मधू रडायचा आणि बाहेर ती. दोघांचेही आवाज बारीक आणि चिरके होते. स्वयंपाकघरात पाठमोरी बसलेली असले की मला क्षणभर कळायचं नाही, यांतलं माझं कुठलं.

परवा वॉचमननेच मला हाक मारली. म्हणाला, "अम्मा, आप बुजुर्ग हैं, बोलो. इसकू बकरे के पास ले जाऊँ क्या? छोटी तो नक्को बोलते सब." मी जिना उतरून खाली गेले, गुडघे धरत वाकले, आणि काय करतेय हे कळायच्या आत तिचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला. दुधाचे दात. "रुक जा," मी म्हणाले, "दो दाँत आने दे." हुबेहूब मामंजींचा सूर. वर आले तर हाताला शेळीच्या लाळेचा वास येत होता आणि मला स्वतःची शिसारी आली. तो बिचारा मान डोलावून गेला होता. त्याच्या घरी दुधासाठी कुणी अडलेलं नाही. त्याला थांबायला काय जातंय. ज्याला थांबता येतं त्यालाच नियम पाळता येतात, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं आणि त्यानंतर शहाणपणाचं म्हणून काही ऐकलं की मी आधी बोलणाऱ्याचं पोट बघते.

आषाढातली ती दुपार कोरडी होती. मामंजी माडीवर झोपले होते. मधूला दोन दिवस जुलाब होत होते आणि मी त्याला घेऊन मागच्या पायरीवर बसले होते, कारण आत बसलं की लुगडं सारखं बदलावं लागायचं. माई पाठीला विहिरीपाशी घेऊन आल्या. त्यांच्या हातात सांडशी होती, गरम पातेली उतरवायची, रोजचीच. त्यांनी पाठीला दोन गुडघ्यांत दाबलं, एका हाताने जबडा उघडला, आणि माझ्याकडे बघितलं.

"लेकराला आत घेऊन जा."

मी उठले नाही. माईंनी पुन्हा सांगितलं नाही. मधल्या दोन दुधाच्या दातांपैकी पहिला सहज निघाला. दुसऱ्याला मुळं असावीत, कारण माईंचा हात दोनदा घसरला आणि पाठीच्या नाकातून एक आवाज आला, तो ओरडणं नव्हतं. माईंनी जखमेत मीठ आणि हळद दाबली. मीठ तेव्हा आम्ही आमटीत मोजून घालत होतो. मग त्यांनी सांडशी धुतली, पालथी घातली, आणि त्या संध्याकाळी तिनेच पेजेचं पातेलं उतरवलं. मला त्या पाठीची दया आली का? नाही आली. मला एवढंच वाटलं की हे चैत्रात करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी माजावर आलेलीच होती ती. माई मामंजींपुढे गेल्या. "दात पडलेत. तेवढं बघून घ्यावं."

मामंजींनी चष्मा लावला. ओठ ओढला. त्या फटीवरून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा, जरा दाबून. पाठ मागे सरकली. त्यांनी बोट धोतराच्या सोग्याला पुसलं आणि मोरीवर जाऊन बराच वेळ हात धुतले. आल्यावर म्हणाले, "ठीक आहे. दाखवा."

यादय्याच्या झोपडीपाशी मी माईंबरोबर गेले होते. मुसीला पाणी थोडं आणि घाण फार. बोकड एवढा मोठा होता की पाठ त्याच्या पोटाखाली मावली असती. त्याच्या अंगाचा उग्र दर्प माझ्या लुगड्याला आठवडाभर राहिला. माईंनी म्हटलं, "छोटी आहे, जपून." यादय्या विडी ओढत हसला. "बकरे कू क्या है माँ, उसकू सब चलता." माईंनी पाठीचे कान धरले. तिचे पुढचे पाय दुमडले आणि ती तोंडावर बसली. यादय्याने तिला शेपटीकडून उचलून धरलं. नंतर परतताना ती आमच्यामागून गपगुमान चालत होती. पुन्हा ती ओरडली नाही, म्हणजे ती फळली होती.

आणि मग आम्ही वाट बघायला लागलो. श्रावण गेला. मी बोटांवर महिने मोजायची आणि दर वेळी मार्गशीर्षावर येऊन थांबायची. मधू मात्र बोटांवर मोजत नव्हता. भाद्रपद लागता लागता त्याने रडणंच सोडलं. मूल रडायचं थांबलं की घरात शांतता येते, आणि ती पहिल्या दिवशी बरी वाटते. वैद्याकडे औषध नव्हतं. गणपती आले आणि गेले. एका सकाळी मी त्याला पेज पाजत होते, ती त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली आणि हनुवटीवरून गळ्यात गेली. मी ती पुसली, पुन्हा चमचा भरला. माईंनी माझा हात धरला तेव्हा मला कळलं.

लहान मुलाला जाळत नाहीत. मामंजींनीच त्याला धोतरात गुंडाळून नेलं आणि पुरून आले. दोन दिवस ते जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून होते, आणि त्यांची पाठ हलताना मला दिसायची. हे मी मुद्दाम सांगते. ते दगड नव्हते.

आठवडाभरात हिंदुस्थानची फौज सिकंदराबादेत आली. आमच्या गल्लीत माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, बायका ओवाळत होत्या, काही घरांची दारं मात्र आतून बंद होती आणि त्या दारांमागे कोण भीतीने बसलं आहे ते आम्हाला माहीत होतं. दूध आलं. कावडीने आलं, हंड्यांनी आलं. गवळी दारात उभा राहून म्हणाला, "किती घालू, ताई?" मी दार लावून घेतलं. त्यानंतर चार दिवसांनी आमचे हे परत आले. गळ्यात झेंडूचा हार होता. तो काढून हातात धरून ते हसत आत आले, पोराच्या गळ्यात घालायला. पाळणा आम्ही अजून काढला नव्हता. ते पाळण्यापर्यंत गेले.

पाठ मार्गशीर्षात व्याली. तिची आता कुणाला गरज नव्हती, पण पोटातल्याला ते कोण सांगणार. सकाळपासून ती कळा देत होती आणि करडू बाहेर येत नव्हतं. बोकडावर गेलेलं असावं, डोकं मोठं होतं. माईंनी हाताला तेल लावून ते ओढून काढलं. मेलेलंच होतं. पाठ उभी राहिली नाही, मग दुसऱ्या दिवशी राहिली, मागचे पाय फाकवून, कशीबशी. तिने ते करडू शोधलं नाही. जमिनीवरची ओल तेवढी चाटत राहिली. आणि तिला दूध आलं, थोडंच, पण आलं. माई चीक निघून जाईपर्यंत थांबल्या आणि मग रोज सकाळी वाटीभर काढायला लागल्या. टाकून कसं द्यायचं. मामंजींचा दमा होताच.

थंडीची सकाळ होती. मी त्या दुधाचा चहा केला आणि मामंजींना नेऊन दिला. ते उन्हात बसले होते. त्यांनी घोट घेतला, आणखी एक घेतला.

"दूध बरं आहे," ते म्हणाले. "इतक्या कच्च्या वयात व्यायली, तरी दिलं बिचारीनं."

मी जायला वळले होते, ती थांबले. सासऱ्यांशी उलट बोलायची आमच्यात रीत नव्हती, आणि मी तोवर कधी बोलले नव्हते.

"कच्च्या कशी, मामंजी? दात पडले होते ना?"

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते. कागद वाचून दाखवावा तसे बोलले.

"पडले नव्हते, पाडले होते. खाली नव्या दाताची कड लागत नव्हती. अन् माझ्या बोटाला रक्त लागलं होतं."

"मग हो कशाला म्हणालात?"

"मला बघायचं होतं ते एवढंच की मधले दोन दुधाचे दात आहेत का. ते नव्हते. कसे गेले, ते माझ्यापुढं आलं नाही."

परसात माई पाठीला पाला घालत होत्या. त्यांना ऐकू गेलं असणार, त्यांचा हात थांबला होता. पाठ चैत्रात फळली असती तर मेलीही असती कदाचित, दूध आलंच असतं असं कुणी सांगावं. पण भाद्रपदात वाटीभर, नुसतं वाटीभर आलं असतं तर, हे एकच डोक्यात होतं.

"डोळेझाकच करायची होती, तर चैत्रात का नाही केली? मधू तेव्हा बरा होता."

मला वाटलं, आता तरी त्यांना काही सुचेल, रडतील, माझ्या अंगावर ओरडतील.

"चैत्रात तिचे दात होते, सूनबाई," ते म्हणाले, आणि कप पुढे करून विचारलं, अजून घोटभर चहा आहे का.

होता. मी ओतला.